उजव्या सोंडेचं गणित: जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचताना

चवथ पंधरा दिवसांवर आली की आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या बाजूच्या चित्रशाळांत पाय ठेवायला जागा उरत नाही. घराघरांतून आलेले पाट, प्रत्येक पाटावर खडूने लिहिलेलं घरवाल्याचं नाव आणि त्यावर बसलेले गणपती. कुणाचे डोळे रंगवायचे राहिलेले, कुणाचं पितांबर अजून ओलं. अशाच एका चित्रशाळेत मी आठवीची मुलं घेऊन गेले होते. एक मुलगी बराच वेळ मूर्ती मोजत फिरली आणि मग तिने मूर्तिकाराला विचारलं, "सगळ्यांची सोंड डावीकडेच का?"

"उजवे सोंडेचो कडक, बाये. ताचें सोंवळें सगल्यांक जमना," तो हातातला ब्रश न थांबवता म्हणाला.

परतताना मी मुलांना सांगितलं, की मराठीत अशी एक कथा आहे ज्यात गणपतीची सोंड मूर्ती न मोडता, माती न चिवडता डावीकडची उजवीकडे जाते. चमत्काराने नव्हे, भूमितीने. कथेचं नाव 'उजव्या सोंडेचा गणपती' आणि लेखक जयंत विष्णू नारळीकर. मुलांना नाव ठाऊक होतं, कथा माहीत नव्हती. "कशी जाते?" या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर वर्गात देता देता मला कळलं, की नारळीकरांची विज्ञानकथा कशी चालते हे समजवायला याहून सोपी वाट नाही.

एक कागद घ्या, त्यावर डावीकडे सोंड वळलेला गणपती काढा आणि तो कापून टेबलावर ठेवा. आता बोटाने सरकवत, फिरवत, उलटसुलट दिशेला नेत त्याची सोंड उजवीकडे करून दाखवा. जमणार नाही. टेबलाला चिकटवून ठेवलात तोवर कधीच जमणार नाही. पण कागद उचलला आणि पालथा ठेवला की झालं काम. उचलताना तुम्ही काय केलंत? लांबी आणि रुंदी सोडून उंची ही तिसरी दिशा वापरलीत. टेबलावरच्या मुंगीला उंची म्हणजे काय हेच कळत नसेल, तर तिच्या दृष्टीने गणपती अचानक नाहीसा झाला आणि परत आला तेव्हा सोंड बदललेली होती. तिला तो चमत्कारच वाटेल.

आपल्या मातीच्या मूर्तीला तीन दिशा आधीच आहेत. ती आरशातल्यासारखी उलटवायची तर चौथी दिशा लागेल. ती आपल्याला दिसत नाही, पण गणितात ती मांडायला काही अडचण नाही.

दुसरी वाट आहे मोबियस पट्टीची. वहीच्या प्लॅस्टिक कव्हरातून एक लांब पारदर्शक पट्टी कापा, तिला अर्धा पीळ द्या आणि टोकं चिकटवा. पट्टीवर मार्करने डाव्या सोंडेचा गणपती काढा आणि त्याच्या शेजारी तसाच दुसरा, मग तिसरा, असं करत पट्टीभर फिरून या. पहिल्यापाशी परत पोचाल तेव्हा शेवटच्याची सोंड पहिल्याच्या उलट दिशेला असेल. मधे कुठेही तुम्ही काही उलटवलं नाही. पट्टीचा पीळच ते काम करून गेला. ऑगुस्ट मोबियस या जर्मन गणितज्ञाने १८५८ साली या पट्टीचा अभ्यास केला. नारळीकरांनी विचारलं, की आपली तीन दिशांची जागाच कुठे अशी पिळलेली असेल, तर तिच्यातून फिरून आलेल्या माणसाचं काय होईल?

कथेत काय होतं ते सगळं सांगत नाही. अजित नावाचा वैज्ञानिक आहे, प्रमोद रांगणेकर नावाचा गोलंदाज आहे, तो ऐन सामन्यात नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने चेंडू टाकू लागतो आणि फलंदाजांची दाणादाण उडते. बाकी वाचा.

माझ्या वाचनात त्यांच्या चांगल्या कथांची रीत हीच आहे. जगातली एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं, म्हणजे माणसं, क्रिकेट, सरकारी फायली, पुणे-मुंबईची गाडी, जसंच्या तसं ठेवायचं. मग त्या एका बदलाचे परिणाम प्रामाणिकपणे, मधेच नियम न बदलता, शेवटपर्यंत नेऊन दाखवायचे. जादूच्या गोष्टीत लेखकाला अडचण आली की नवा मंत्र सापडतो. इथे तशी सोय नसते. भयकथेवर विज्ञानाचा मुलामा चढवला की विज्ञानकथा होते, हे नारळीकरांना मान्य नव्हतं. कथेतलं विज्ञान काढून घेतल्यावर कथा उभीच राहू नये, इतकं ते आत मुरलेलं हवं.

हे त्यांना जमलं कारण विज्ञान त्यांच्या घरातच होतं. जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा, पण बालपण सगळं वाराणसीत गेलं. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. घरात भिंतीवर खडूने लिहायचे फळे होते. शिकायला येऊन राहिलेले मोरूमामा त्या फळ्यावर जयंतसाठी एक गणित लिहून ठेवायचे, त्याच्या नावाने आव्हान म्हणून. गणित सुटेपर्यंत किंवा जयंत हार मानेपर्यंत ते पुसलं जात नसे. फळ्यावर असं एक न सुटलेलं गणित येता-जाता दिसत राहणं, याहून चांगली शाळा मला तरी माहीत नाही.

१९५७ साली बनारसची पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले. तिथे गणिताच्या परीक्षेत रँग्लर झाले आणि फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली १९६३ साली पीएच.डी. मिळवली. पुढच्याच वर्षी गुरू-शिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि त्याची बातमी जगभर झाली. १९६५ साली पद्मभूषण मिळालं तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते.

हॉईल हे साधे गुरू नव्हते. 'द ब्लॅक क्लाउड' ही विज्ञानकादंबरी त्यांनी १९५७ साली लिहिली होती. मोठा शास्त्रज्ञ कादंबरी लिहितो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, हे नारळीकरांनी जवळून पाहिलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हॉईल अल्पमतात होते. विश्व एका महास्फोटातून जन्मलं हे त्यांना पटत नव्हतं. विश्वाला सुरुवात नाही, ते पसरतं तसतसं नवं द्रव्य तयार होत राहतं, असं ते म्हणत. १९६५ साली अवकाशात सगळीकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला, ही महास्फोटाची उरलेली ऊब मानली गेली आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ साली हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी जुन्या कल्पनेची सुधारलेली मांडणी केली. त्यांचं म्हणणं बहुसंख्यांनी स्वीकारलं नाही, हे खरं आहे. पण सगळे एका बाजूला असताना "असं नसेल तर?" हा प्रश्न हिशेबासकट विचारत राहणं, ही सवय प्रयोगशाळेत आणि कथेत एकच असते.

१९७२ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. दोन वर्षांनी अहमदाबादला एका परिसंवादात कंटाळवाणं भाषण चाललेलं असताना त्यांनी समोरच्या कागदांवर एक कथा लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. नाव पाहून परीक्षकांनी बक्षीस देऊ नये म्हणून त्यांनी जयंत विष्णू नारळीकर ही आद्याक्षरं उलटी केली आणि नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या, मंगलाताईंच्या, हस्ताक्षरात गेली. मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. तिचं नाव 'कृष्णविवर'. पुढच्याच वर्षी, १९७५ साली, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली.

कृष्णविवर, म्हणजे 'ब्लॅक होल', हा शब्दच पाहा. विवर म्हणजे बीळ, गुहा. दोन ओळखीचे शब्द जोडले आणि ताऱ्याचं प्रेत मराठीत आलं. कृष्णविवराजवळ गुरुत्वाकर्षण इतकं प्रचंड असतं की तिथे काळ सावकाश चालतो. लांब असलेल्या घड्याळाचे अनेक तास तिथल्या घड्याळात थोडक्यात उरकतात. हे ऐकून मुलं म्हणतात, "टीचर, हे कथेतच." मी त्यांना मोबाइल काढायला लावते. कळंगुटचा रस्ता शोधणारे पर्यटक ज्या नकाशावर गाडी चालवतात, तो नकाशा उपग्रहांवरच्या घड्याळांवर चालतो. उपग्रह वर आहे, तिथे पृथ्वीची ओढ कमी, म्हणून त्याचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा पुढे पळतं. तो वेगाने फिरतो म्हणून थोडं मागेही पडतं. वजाबाकी करून दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखावे भाग) ते पुढे राहतं. ही चूक दुरुस्त केली नाही तर एका दिवसात नकाशा दहा किलोमीटरच्या आसपास चुकेल आणि कळंगुटला निघालेला माणूस भलतीकडेच पोचेल. आइन्स्टाइनने सांगितलेला हा कमी-जास्त वेगाने चालणारा काळ आपल्या खिशात आहे. नारळीकरांनी तो मराठी कथेत १९७४ साली आणला.

आता ज्या कथेवर माझं सर्वांत जास्त प्रेम आहे तिच्याकडे येते. 'गंगाधरपंतांचे पानिपत'. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ती 'द ॲडव्हेंचर' या नावाने आहे. गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक. (गायतोंडे म्हटलं की गोव्यात कुणीतरी लगेच विचारतं, "कुठले हो?") पंत पुण्याहून रेल्वेने मुंबईला जातात आणि पाहतात तर ईस्ट इंडिया कंपनी अजून तिथे आहे. ग्रंथालयात स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड काढून वाचतात. शेवटच्या खंडात पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. आपल्या इतिहासात १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली. त्या दुसऱ्या इतिहासात गोळी कानाजवळून गेली, तिळाएवढ्या फरकाने. तेवढ्यावरून पुढचं सगळं बदललं.

यात दोन कल्पना आहेत आणि त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात.

पहिली अशी, की काही क्षण नाजूक असतात. डोंगराच्या अगदी धारेवर ठेवलेला दगड फुंकरीनेही एका बाजूला जातो, आणि एकदा गेला की दरी वेगळी. तोच दगड सपाटीवर असता तर धक्क्यानेही फारसा हलला नसता. सैन्य धारेवर असताना विश्वासराव पडले, म्हणून त्या एका गोळीला एवढं वजन आलं.

गोव्यातल्या मराठी माणसाला हे समजवायला पानिपतापर्यंत जावं लागत नाही. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवा. गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा केंद्रशासित राहावा? वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. म्हणजे १७,०११ माणसांनी उलट मत दिलं असतं तर निकाल फिरला असता. मग ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं नसतं, पणजी राजधानी नसती, माझ्या शाळेच्या पाटीवर दुसऱ्या राज्याचं नाव असतं. घरातल्या वडीलधाऱ्यांत आजही या विषयावर दोन मतं निघतात आणि जेवण थंड होतं. मला इथे बाजू घ्यायची नाही. त्या दिवशी गोव्यासमोर दोन इतिहास होते आणि दोन्ही खरे होऊ शकत होते, एवढंच मुलांना दाखवायचं असतं. ते त्यांना चटकन दिसतं, कारण त्यांच्या आजोबांनी त्या दिवशी फुलावर (विलीनीकरण) किंवा दोन पानांवर (वेगळं राहणं) शिक्का मारलेला असतो.

दुसरी कल्पना त्याहून अवघड. गोळी कुठे जाईल हे बंदूक, दारू, वारा यांवरून आधी सांगता येतं, असं जुनं भौतिकशास्त्र म्हणायचं. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत मात्र तसं सांगताच येत नाही. तो इथे सापडण्याची शक्यता किती, तिथे सापडण्याची किती, एवढंच सांगता येतं. अज्ञानामुळे नव्हे, निसर्गच तसा आहे म्हणून. यावर काही शास्त्रज्ञांनी असं मांडलं, की सगळ्या शक्यता खऱ्याच असतात, वेगवेगळ्या विश्वांत. एकात इलेक्ट्रॉन इथे, दुसऱ्यात तिथे. कथेतला राजेंद्र हे गंगाधरपंतांना समजावतो. आपण एका विश्वात राहतो आणि तेवढंच पाहतो. पंत क्षणभर दुसऱ्यात गेले. इलेक्ट्रॉनपुरता असलेला नियम अख्ख्या प्राध्यापकाला लावणं ही या कथेत घेतलेली सूट. बाकी युक्तिवाद सरळ आहे. मतदान आणि इलेक्ट्रॉन यांत फरक आहे हेही मुलांना सांगावं लागतं. मतदार विचार करून शिक्का मारतो, इलेक्ट्रॉन विचार करत नाही.

त्याच कथेत पंत आझाद मैदानावरच्या एका सभेत जातात. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी असते आणि त्या जगात ती रिकामीच ठेवायची पद्धत असते. पंतांनी आयुष्यात ९९९ सभांचं अध्यक्षपद भूषवलेलं. त्यांना राहवत नाही. ते जाऊन बसतात आणि लोक चिडून त्यांच्यावर टोमॅटो, अंडी फेकतात. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष स्वतः नारळीकर होते आणि प्रकृतीमुळे त्यांना तिथे जाता आलं नाही. बातमी वाचताना मला ती खुर्ची आठवली आणि गलबलून आलं.

'हिमप्रलय' या कथेत मुंबईत बर्फ पडतो. वसंत चिटणीस हा शास्त्रज्ञ आधीच बजावत असतो, की ज्वालामुखींची धूळ वर जाऊन सूर्याचा प्रकाश अडवेल आणि हिमयुग येईल. याच्या मुळाशी खरा इतिहास आहे. १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा फुटला आणि १८१६ साली युरोप-अमेरिकेत उन्हाळा आलाच नाही. १९९१ साली फिलिपिन्समध्ये पिनाटुबो फुटला तेव्हा पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने थंडावली. मुरगाव तालुक्यातल्या आमच्या वास्कोला, हेडलँड सड्यावर, ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. अंटार्क्टिकावरून आणलेले बर्फाचे गोल खांब तिथे थंडगार खोल्यांत जपलेले असतात आणि त्या थरांत जुन्या ज्वालामुखींच्या खुणा सापडतात. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीमही ६ डिसेंबर १९८१ ला गोव्यातूनच निघाली. 'हिमप्रलय' शिकवायला मुरगावपेक्षा योग्य तालुका नाही.

त्यांच्या लेखनातल्या उणिवाही सांगायला हव्यात. पात्रं पातळ आहेत. दोन माणसं बोलत असली की एक शिकवतो आणि दुसरा "म्हणजे काय?" विचारतो. बायका कथेत फारशा येत नाहीत आणि आल्या तर मागच्या खोलीत असतात. 'धूमकेतू'त धूमकेतूची टक्कर टळावी म्हणून यज्ञ करणारी इंद्राणीदेवी आहे. तिच्या भीतीला थोडी जास्त जागा मिळाली असती तर कथा अजून चटका लावून गेली असती. भाषा मात्र पहिल्यापासून निर्मळ. शास्त्रज्ञाने घरच्यांना पत्र लिहावं तशी.

१९८८ साली त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभी केली आणि २००३ पर्यंत तिचे संचालक राहिले. तिची वास्तू चार्ल्स कोरिया यांची. मूळच्या गोमंतकीय घरातल्या याच माणसाने पणजीची कला अकादमी बांधली. अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. मांडवीकाठी कला अकादमीच्या पायऱ्यांवर बसून ज्यांनी नाटकाची वाट पाहिली आहे, त्यांना आयुकाच्या अंगणात पोचल्यावर दगड आणि मोकळं आकाश ओळखीचं वाटतं. मला वाटलं होतं.

या सगळ्या व्यापात ते मुलांना स्वाक्षरी देत नसत. म्हणायचे, मला एका पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव. मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल. ते खरोखर उत्तरं पाठवत.

२०१४ साली 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती नगरं म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे. मंगलाताई जुलै २०२३ मध्ये गेल्या, नारळीकर २० मे २०२५ ला पुण्यात गेले.

चित्रशाळेतून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी वर्गात प्लॅस्टिकची पट्टी आणि मार्कर घेऊन गेले. सोंड फिरली तशी टाळ्या पडल्या. ती मुलगी मात्र पट्टी हातात धरून गप्प होती. मग म्हणाली, "टीचर, माणूस असा फिरून आला तर चवथीची नेवरी त्याला गोड लागेल?"

(नेवरी म्हणजे आमची करंजी.) प्रश्न थेट रसायनशास्त्राचा आहे. साखरेच्या रेणूंनाही डावं-उजवं असतं, जसा डाव्या पायाचा बूट उजव्या पायात जात नाही. आपलं शरीर एकाच बाजूचं ग्लुकोज वापरू शकतं. नारळीकर असते तर तिला पोस्टकार्ड लिहायला लावलं असतं. ते नव्हते म्हणून मी पुस्तकं चाळली आणि सोमवारी तिला उत्तर दिलं: ग्लुकोजचं आरशातलं रूप प्रयोगशाळेत बनवता येतं. जिभेला ते नेहमीच्या ग्लुकोजसारखंच गोड लागतं, पण शरीराला त्यातून शक्ती काढता येत नाही. म्हणजे उलटून आलेल्या माणसाला नेवरीतली साखर बहुधा गोड लागेल, पण अंगी लागणार नाही.

ती थोडा वेळ विचार करत राहिली. "मग त्याच्यासाठी नेवरी पण पट्टीवरून फिरवून आणायची," म्हणाली, आणि वहीत लिहायला लागली.